मागच्या ब्रेकमधली हवा

एका जंगलात एक उतार होता. तुम्ही म्हणाल, गोष्टीत आधी प्राणी यायला हवा. येईल, मुलांनो, धीर धरा. आपला प्राणी गाडीतून येणार आहे आणि त्या गाडीचे मागचे ब्रेक लागत नाहीत, म्हणून उतार आधी सांगितलेला बरा.

उताराच्या माथ्यावर गवाजीराव नावाचा गवा राहायचा. ते जंगलाचे अध्यक्ष होते, तेव्हा आपण त्यांना अहो-जाहो करू. पायथ्याशी खवलू मिस्त्री राहायचा. तो जातीचा खवल्या मांजर, गाडीखाली झोपायला एकदम सोयीचा.

गवाजीरावांकडे चाळीस वर्षांची जुनी घरगाडी होती. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. सगळं वजन मागे आणि मागचे ब्रेक नावापुरते. पहिल्यांदा ती उतारावरून सुटली ती मिस्त्रीचं कुंपण मोडून थांबली. दुसऱ्यांदा ओसरी गेली. दोन्ही वेळा अध्यक्षांनी खिडकीतून हात हलवला होता.

"आता पुढे आपली झोपायची खोलीच आहे," मिस्त्रीची बायको म्हणाली. "अहो, तेवढे ब्रेक करून या ना."

मिस्त्री लगोलग उतार चढून गेला. दोन दिवस त्याने गाडीखाली काढले. ड्रम साफ केले, झिजलेले लायनर बदलले, गळके सिलिंडर काढून नवे बसवले. तरी पेडल फुसकंच. शेवटी तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, हवा काढावी लागेल."

निवडणूक महिन्यावर आली होती. अध्यक्षांचे सहायक तरसेभाऊ साहेबांच्या मागे कायम हसत उभे असायचे, ते हसायचे थांबले.

"कोणाची?" गवाजीरावांनी विचारलं.

"ब्रेकची. नळीत हवा शिरलीय. वरून कितीही दाबा, खालपर्यंत काही पोचत नाही. मधली हवाच सगळं खाते."

"हा माझ्या कारभाराला टोमणा आहे का?"

"नाही साहेब, मी मागच्या चाकांबद्दल बोलतोय."

काम तसं साधं होतं. एकाने वर पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकामागचा छोटा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढायची. स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. मिस्त्रीने तरसेभाऊंना वर बसायला सांगितलं.

"त्या खुर्चीवर माझ्याशिवाय कोणी बसत नाही," असं म्हणून गवाजीराव स्वतः बसले. गाडी वीतभर खाली गेली.

"दाबा," खालून आवाज आला. गवाजीराव दचकले, पण त्यांनी दाबलं.

"आता पाय धरा."

"कोणाचे?" गवाजीराव गरजले आणि तडक गाडीतून उतरले. हवा होती तिथे परत गेली.

तरसेभाऊंनी तोडगा काढला. मिस्त्रीने यापुढे हुकूम सोडायचे नाहीत, विनंती करायची. मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरला.

"माननीय अध्यक्षांनी पेडल दाबण्याची कृपा करावी," तो म्हणाला. अध्यक्षांनी कृपा केली. मिस्त्रीने स्क्रू सैल केला. "आता मी सांगेपर्यंत माननीय अध्यक्षांनी पाय सोडू..."

एवढं ऐकून अध्यक्षांनी पाय सोडला. 'नये' मिस्त्रीच्या तोंडातच राहिलं. असं सात वेळा झालं आणि ब्रेकच्या तेलाचा डबा संपला.

"झालं का काम?"

"नाही साहेब. आधी होती त्यापेक्षा जास्त हवा आहे."

"ऐकलंत?" तरसेभाऊ पुन्हा हसू लागले. "यंदा साहेबांची हवा जास्त आहे."

गवाजीराव इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्याच दिवशी दौरा जाहीर केला. गाडीच्या मागे पाटी लागली, 'ब्रेक सुधारणा पूर्ण'.

मिस्त्रीने बायकोला घराबाहेर काढलं. पिल्लू तिच्या शेपटीवर बसलं होतं. मग त्याने उतारावर मोठमोठे धोंडे आणून लावले. दौऱ्याच्या मार्गात विरोधकांनी टाकलेले अडथळे म्हणून तरसेभाऊंनी ते काढून टाकले.

गाडी आली. पुढची चाकं किंचाळत होती आणि मागची त्यांना ढकलत होती. दार गेलं, झोपायची खोली गेली, पाळणा गेला आणि मागच्या भिंतीत नाक खुपसून गाडी उभी राहिली. गवाजीरावांना साधं खरचटलंही नव्हतं.

"थांबली की नाही?" तरसेभाऊंनी जमलेल्या प्राण्यांना विचारलं. थांबली तर होतीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"साहेब, ब्रेकने नाही थांबली," मिस्त्री म्हणाला. "माझ्या घराने थांबवली."

गवाजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. ते भिंतीजवळ गेले आणि त्यांनी तिच्यावर हात फिरवून पाहिला.

"चांगलं काम देते की ही," ते म्हणाले. "पुढच्या दौऱ्याआधी घर परत बांधून ठेव. आणि मिस्त्री, या खेपेला भिंत जरा जाड घे."

तात्पर्य: मुलांनो, वरच्यांची हवा काढायच्या भानगडीत पडू नये. ज्याला उताराखाली संसार करायचा आहे, त्याने ब्रेकचं काम सोडावं आणि गवंडीकाम शिकून घ्यावं.