श्रावणभाऊंचं विमान

आमच्या शेजारचे श्रावणभाऊ दर रविवारी मरत. एखाद्या रविवारी चहाच्या आधीच दोनदा.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा अर्धामुर्धाच उभा होता. रविवारी वसाहतीच्या आमच्या सेक्टरमधली माणसं कपडे धूत, भाजी आणायला जात. श्रावणभाऊ मात्र ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून कमरेला पट्टा आवळत. समोर रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला फावड्याचा दांडा. हे रॉकेटचं विमान. भंडाऱ्याकडून आलेल्या या क्रेनवाल्याने एका हिंदी मासिकात वाचलं होतं, की अमेरिकेतले वैमानिक असं विमान उडवण्याआधी जमिनीवर खोट्या विमानात बसून सराव करतात. तेव्हापासून माझी सुटी संपली.

विमान हलवायचं काम माझं. मी मागून खुर्ची गदागदा हलवायची आणि भाऊंनी दांडा सोडून हात मांडीवर ठेवायचे.

"वर हवा पातळ रायते," ते मला समजावत. "तिथं विमान गरगरलं का माणूस भेऊन दांडा ओढते, अन् ते जास्तच गरगरते. हात काढला का खाली जाड हवेत येते, अन् आपोआप सरळ होते."

एवढं सांगून झाल्यावर मी खुर्ची हलवली, की तेच दोन्ही हातांनी दांडा गच्च धरत. मग पुटपुटत, "मेलो." आतून वहिनी विचारत, मेले असाल तर चहा टाकू का?

एका रविवारी भाऊ असे मरत असतानाच त्यांची सुमन अंगणात कोसळली. एकुलती एक पोर. अंग ताठ, तोंडाला फेस. कोणी नाकाशी चप्पल धरायला धावलं, मी तिचे हात दाबायला.

"हात लावू नोका," भाऊ म्हणाले.

त्यांनी जवळचे दगड बाजूला सारले, तिला कुशीवर वळवलं आणि स्वतःचे हात मांडीवर ठेवून शेजारी बसले. थोड्या वेळाने पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं.

मग वहिनींनी सांगितलं. तिला पहिल्यांदा मिरगी आली, तेव्हा भाऊंनी इतकं दाबून धरलं होतं की पोरीचा हात मोडला. धरू नका, आपोआप ओसरेल, असं डॉक्टर म्हणाले. पण बापाचे हात ऐकत नव्हते, म्हणून ही खुर्ची. त्यानंतर मी ती मनापासून हलवू लागलो. हळूहळू भाऊंचं मरणं थांबलं. आम्ही दोघंही खुशीत होतो.

हिवाळ्यात सुमनला पुन्हा मिरगी आली, ती ओसरलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत पोर गेली.

पुढच्या रविवारी भाऊ ओसरीवर खुर्चीतच बसलेले दिसले. मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो.

"म्या हात नाई लावला," ते म्हणाले. "सांगितलं होतं तसंच केलं. सरळच नाई झाली ते. एकदा धरून तरी पायलं असतं."

मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडा गच्च धरला. मी खुर्ची हलवली नव्हती.