कलम सात आणि तिरका शिक्का

डिसेंबरातल्या एका सकाळी राधाबाईंनी वर्तमानपत्र नवऱ्याच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि एका चौकटीवर बोट टेकवलं. बारीक अक्षरांत जाहीर सूचना होती. 'सामायिक गच्ची (सुरक्षित वापर) विधेयक' विधानमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेलं असून नागरिकांनी आपल्या सूचना व हरकती महिनाभरात लेखी पाठवाव्यात, असं तिच्यात म्हटलं होतं.

"बरं मग?" दत्तप्रसाद वडक्यांनी पोह्यातलं खोबरं बाजूला काढत विचारलं.

"दीपमालानं अख्खं विधेयक फोनवर पाठवलंय. कलम सात ऐका. 'सामायिक गच्चीवर खाद्यपदार्थ वाळविण्यास मनाई असेल.' म्हणजे माझं वाळवण बंद."

दीपमाला ही राधाबाईंची भाची. ती हिंजवडीला नोकरी करायची आणि होस्टेलवरच्या निम्म्या मुलींना मावशीच्या कुरडया खाऊ घालायची. कसबा पेठेतल्या त्या चारमजली इमारतीच्या गच्चीवर गेली वीस वर्षं मार्च उजाडला की राधाबाई आणि इमारतीतल्या तिघीजणी कुरडया, सांडगे, पापड, बटाट्याचा कीस घालत आल्या होत्या. खराडीपासून हिंजवडीपर्यंत त्याला गिऱ्हाईक होतं. गच्ची गेली तर राधाबाईंचा उन्हाळाच गेला असता, आणि खरं सांगायचं तर त्या बाकीचं वर्ष उन्हाळ्यासाठीच काढत असत.

"तुम्ही हरकत लिहा," त्या म्हणाल्या. "सरकारी भाषा तुम्हाला येते."

"लिहितो. पण सांगून ठेवतो, वाचणार कोणी नाही."

हे ते अनुभवाने सांगत होते. दत्तप्रसादांनी एका सरकारी कार्यालयाच्या आवक शाखेत बत्तीस वर्षं काढली होती. आलेल्या प्रत्येक पत्रावर 'नोंद घेतली' असा जांभळा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शाखेची एक जुनी रीत होती. पत्र वाचलेलं असेल तर शिक्का सरळ मारायचा, न वाचताच पुढे ढकलायचं असेल तर तिरका. म्हणजे पुढच्या टेबलवाल्याला न बोलता कळायचं. बत्तीस वर्षांत दत्तप्रसादांनी सरळ शिक्का कितीदा मारला, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. निवृत्तीच्या दिवशी शिपायाने कौतुकाने सांगितलं होतं की साहेबांचा शिक्का मारणारा हात कायमचाच वाकडा झालाय. ही गोष्ट ते पाहुण्यांना हमखास सांगत, त्यामुळे राधाबाईंना ती पाठ होती.

तर ज्याअर्थी कोणी वाचणार नाही, त्याअर्थी मनसोक्त लिहायला हरकत नाही, असा विचार करून दत्तप्रसाद दुपारी टेबलाशी बसले. पुणेकराच्या हातात पेन, समोर कोरा कागद आणि वाचणाऱ्याची भीती नाही, मग काय विचारता. त्यांनी लिहिलं:

'वाळवणामुळे राज्याची सुरक्षितता धोक्यात येते, हे उशिरा का होईना शासनाच्या ध्यानात आले, याबद्दल हार्दिक अभिनंदन. तथापि नुसत्या मनाईने भागणार नाही. कलम सातऐवजी पर्यायी कलम सुचवितो. वाळवण घालणाऱ्या प्रत्येक घरातील साठीच्या पुढचा एक पुरुष गच्चीवर नेमावा, कारण त्याला घरी तसाही काही उद्योग नसतो. त्याला छत्री, काठी व नोंदवही द्यावी. कुरडईचा चीक पहाटे चारला उठून शिजवणाऱ्या, दोन्ही हात पोळून घेणाऱ्या बाईने दुपारी पुन्हा कबुतरांमागे का धावावे? ते काम सदर पुरुषाने करावे. दर तासाला त्याने वाळवणाची स्थिती पाहून वहीत नोंद घ्यावी. कळावे.'

चहाच्या दुकानात त्यांनी हे पत्र सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव यांना वाचून दाखवलं. बाबुरावांना हसताना ठसका लागला.

"वडके, याला म्हणतात चपराक," डोळे पुसत बाबुराव म्हणाले. "पाठवाच."

दत्तप्रसादांनी पत्र पाकिटात घालून राधाबाईंकडे दिलं, कारण पोस्टात रांग असते आणि त्यांचा गुडघा दुखत असे. हा गुडघा मोठा समजूतदार होता. दर रविवारी तो पर्वतीच्या पायऱ्या मित्रांबरोबर बिनबोभाट चढायचा. मात्र राधाबाई "जरा गच्चीवर बसा हो, कबुतरं हाकायला" म्हणाल्या की पंधरा पायऱ्यांच्या नुसत्या विचाराने तो धरायचा. वीस उन्हाळे तो न चुकता धरत आला होता.

फेब्रुवारीत फोन वाजला.

"दत्तप्रसाद वडके सर बोलताय का? मी विधानमंडळ सचिवालयातून कक्ष अधिकारी निकिता इंगळे. तुमचं पत्र वाचलं."

दत्तप्रसाद खुर्चीत बसलेलेच होते म्हणून पडले नाहीत.

"काय केलंत?"

"वाचलं, सर. समितीसमोर ठेवलं. समितीला फार आवडलं."

"कुणी सांगितलं होतं वाचायला?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"माझं कामच आहे ते, सर," पलीकडून शांत आवाज आला. "चार हजार पत्रं आली. बहुतेकांनी एकच मजकूर पुढे ढकललेला. कलमाचा क्रमांक देऊन त्याजागी दुसरं काय हवं ते लिहिणारं पत्र तुमचं एकच. तुमचा पर्याय मसुद्यात घेतलाय. ई-मेलवर पाठवते."

ई-मेल आला. दत्तप्रसादांनी तो उघडला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडला. सुधारित कलम सात असं होतं: 'सामायिक गच्चीवर खाद्यपदार्थ वाळविण्यास मुभा असेल. मात्र वाळवण चालू असेपर्यंत संबंधित कुटुंबातील साठ वर्षांवरील एक पुरुष सदस्य छत्री व काठीसह गच्चीवर उपस्थित राहील आणि दर तासाला नोंदवहीत नोंद घेईल.' त्यांची वाक्यं कायद्याच्या कपड्यांत समोर उभी होती. बत्तीस वर्षं ज्या सरकारला त्यांनी आतून ओळखलं होतं, त्या सरकारने त्यांना असा दगा द्यावा, याचा त्यांना जबर धक्का बसला. ते घोटभर पाणी प्यायले आणि राधाबाईंना हाक मारायचं त्यांनी टाळलं.

त्याऐवजी ते बाबुरावांकडे गेले. बाबुरावांनी कलम वाचलं. त्यांचं वय त्रेसष्ट होतं आणि त्यांच्याही घरचे पापड गच्चीवर वाळत. या खेपेला त्यांना हसू आलं नाही.

"वडके, तुम्ही माझा उन्हाळा संपवलात."

"अहो, ते उपरोधानं लिहिलं होतं. तुम्ही हसला होतात की नाही?"

"मी हसलो. विधानसभा हसली नाही. आता जा आणि ते निस्तरा."

समितीची पुण्यात एका सभागृहात सुनावणी होती. दत्तप्रसाद चार रात्री झोपले नव्हते. त्यांनी आयुष्यातलं पहिलं गंभीर पत्र टंकून नेलं होतं. त्यात एकही टोमणा नव्हता. ते त्यांना इतकं जड गेलं होतं की मध्ये दोनदा उठून फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.

समितीचे अध्यक्ष जाडजूड मिशांचे, गावाकडचे गृहस्थ होते. त्यांनी दत्तप्रसादांना पाहताच हात जोडले.

"या, या वडकेसाहेब. काय कलम लिहिलंय तुम्ही. माझ्या आईनं जन्मभर एकटीनं कावळं हाकलं. बाप ओसरीवर झोपलेला असायचा. तुमचं पत्र वाचलं आन् मला तीच दिसली."

दत्तप्रसादांनीही हात जोडले. "अध्यक्ष महोदय, नम्र निवेदन असं, की ते पत्र मी उपरोधानं लिहिलं होतं."

"म्हंजे?"

"म्हणजे लिहिलंय त्याच्या उलट अर्थानं वाचायचं."

"मग तसं पत्रावर लिवायचं न्हाई का?"

"पुण्यात लिहावं लागत नाही, साहेब."

अध्यक्षांनी निकिता इंगळे यांच्याकडे पाहिलं. पंचविशी-तिशीची ती मुलगी पत्राची प्रत घेऊन पुढे आली. "सर, मी अकोल्याची आहे, माझं चुकलं असेल. पण नेमकं कोणतं वाक्य उलट वाचायचं? 'दोन्ही हात पोळून घेणाऱ्या बाईने' हे उलट का?"

"नाही. ते खरं आहे."

"'दुपारी पुन्हा कबुतरांमागे का धावावे', हे?"

"तेही खरं आहे."

"'त्याला घरी तसाही काही उद्योग नसतो'?"

दत्तप्रसादांनी मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत बाबुराव छताकडे बघत होते. "ते… ढोबळमानानं खरं आहे," ते म्हणाले.

"मग उलट काय हाय ह्यात?" अध्यक्षांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

दत्तप्रसादांनी पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचलं. वाक्यावाक्याने पाहिलं तर पत्रात खोटं काही नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी टंकलेलं पत्र पुढे केलं. "पूर्वीचं पत्र मी मागे घेतो. ही माझी खरी सूचना. मनाई काढावी आणि पुरुषांचा विषयही काढावा."

"ठेवून जावा. घेऊ विचारात," अध्यक्ष म्हणाले. बाहेरच्या टेबलावर एका लिपिकाने पत्र घेतलं, शिक्का उचलला आणि खिडकीबाहेर बघत दाबला. पोच म्हणून प्रत हातात आली. जांभळ्या शाईत 'नोंद घेतली' असं उमटलं होतं. शिक्का तिरका होता.

मार्चमध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. दत्तप्रसादांनी थेट प्रक्षेपण पाहिलं. कलम सातवर कोणी अवाक्षर काढलं नाही, आवाजी मतदानात 'होय'चा गलका झाला आणि मिनिटभरात संपलं. राज्यपालांची सहीही झाली. त्या दिवशी त्यांनी समितीचा अहवाल संकेतस्थळावरून उतरवून घेतला, निदान आपलं गंभीर पत्र परिशिष्टात तरी असेल म्हणून. ते नव्हतं. मात्र कलम सातखाली दुसरंच एक पत्र छापलेलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर शिक्का होता. ओळंब्याने लावावा तसा सरळ.

'श्री. दत्तप्रसाद वडके यांनी सुचविलेल्या कलमास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पुढे त्यांनी ते मागे घेण्याचा अर्ज केल्यास त्याचा विचार होऊ नये, ही विनंती. सौ. राधा वडके व कसबा पेठेतील इतर दोनशे अकरा महिला.'

पत्राची तारीख जानेवारीची होती. दत्तप्रसादांनी ती तीनदा पाहिली. मग लॅपटॉप तसाच उचलून ते स्वयंपाकघरात गेले. राधाबाई साबुदाणा निवडत होत्या.

"हे काय आहे?"

त्यांनी पडद्याकडे नजर टाकली. "छापलं का? दीपमाला म्हणालीच होती, छापतील."

"तू माझं पत्र फोडून वाचलंस?"

"पाकीट कुठे चिकटवलं होतंत? डिंक लावायला उघडलं, तर कुरडई शब्द दिसला. मग वाचलं."

"अगं, ती थट्टा होती. एवढंही कळलं नाही?"

"कळली की. छत्तीस वर्षं तुमच्या थट्टा कळूनच चाललंय सगळं." राधाबाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "पण पहाटे चारला उठते, हात पोळतात, हे तुम्हाला माहीत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही बघतच नाही. पत्र वाचून मी पोस्टातच बसले जरा वेळ. मग म्हटलं, एवढं चांगलं लिहिलंय, ते वाया जायला नको."

डोळ्यांत काहीतरी आल्यासारखं वाटलं म्हणून दत्तप्रसादांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला.

"सह्या कधी जमवल्यास एवढ्या?"

"तुम्ही पर्वतीला जायचात ना रविवारी, तेव्हा."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी दत्तप्रसाद काळी छत्री उघडून गच्चीवर बसले. दुसऱ्या कोपऱ्यात बाबुराव बसले होते आणि दोघांत बोलणं नव्हतं. आसपासच्या गच्च्यांवरही छत्र्या दिसत होत्या. त्यातल्या काहींखालून त्यांच्याकडे ज्या नजरा येत होत्या, त्या पाहता छत्री उन्हासाठीच आहे असं त्यांना वाटेना. चार स्वच्छ धोतरांवर पांढऱ्या कुरडया पसरलेल्या होत्या. बारा वाजले तशी त्यांनी मांडीवरची वही ओढली, पेन काढलं, नोंद केली आणि टेकून डोळे मिटले.

राधाबाई ताक घेऊन वर आल्या. त्यांनी पेला त्यांच्या हातात दिला, वही उचलली आणि बाराची नोंद पाहिली. बारीक अक्षरांत दोनच शब्द होते, 'नोंद घेतली'.

त्यांनी वही उघडीच त्यांच्यासमोर धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तिरकं लिहिलंय. उठा आणि बघून या."