वॉकरचं प्रात्यक्षिक

केवळरामजींना आयुष्यभर एकच खोड होती : दुसऱ्याला समजावून सांगायची. मोहाडीच्या तहसील कचेरीत तीस वर्षं त्यांनी लोकांना कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगितलं. (खिडकी बहुधा दुसरीच निघे.) तेव्हा त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर घरात वॉकर आल्यावर ही संधी ते सोडणं शक्यच नव्हतं.

बाई मात्र वॉकरला हात लावेनात. महिना झाला, खाट सुटत नव्हती. आता चालल्या नाहीत तर कायमच्या बसतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केवळरामजींना घास गोड लागत नव्हता.

"मी नाई जात बा त्या पिंजऱ्यात," बाई म्हणाल्या. "लोक पायतीन."

"पायतीन तं पायतीन. मी चालून दाखवतो, तू पाय नुसतं."

लुंगी खोचून ते वॉकर घेऊन अंगणात उतरले. दोन पावलं झकास पडली. "आन हे बटन दाबलं का हा मिटते," असं सांगत त्यांनी बटण दाबलं. वॉकर मिटला आणि केवळरामजी तोंडावर आपटले.

नेमकं शेजारच्या मालनबाईंनी कुंपणावरून पाहिलं. तासाभरात अर्धी आळी बिस्किटांचे पुडे घेऊन हजर. केवळरामजींना खाटेवर निजवलं, तेल चोळलं, हळदीचं दूध पाजलं. नुसतं ढोपर खरचटलं होतं. पण एवढ्या मायेपुढे खरं बोलायला जीभ उचलेना.

"बिचारे भाऊ," मालनबाई हळहळल्या. "बायकोची सेवा करता करता सोता लंगडे झाले. हे बाई तं जागची हालत नाई."

समोरच्या खाटेवरच्या सत्यभामाबाईंना हे खुब्यापेक्षा जास्त लागलं.

"तो वॉकर आना इकडे," त्या म्हणाल्या.

वॉकर आणला, पण उघडता कोणालाच येईना. चौघांनी चार बाजूंनी ओढला. केवळरामजींना राहवलं नाही. ते टुणकन उठले, "असं नाई, असं," म्हणत वॉकर उघडून दिला, आणि मग सगळे आपल्या पायांकडे का बघताहेत ते त्यांच्या ध्यानात आलं. मालनबाईंनी बिस्किटांचा पुडा गुपचूप परत घेतला.

सत्यभामाबाई मात्र उठल्या. दोन्ही मुठी आवळून, एकेक पाऊल टाकत थेट चुलीपाशी गेल्या. "बसा समदे. चहा मीच मांडतो," त्या म्हणाल्या. केवळरामजींचे डोळे भरून आले.

पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात बाई वॉकर टेकत पुढे आणि केवळरामजी पिशव्या घेऊन मागे.

"भाऊचा पाय बरा झाला वाटते?" भाजीवाल्या सुशीलाबाईंनी विचारलं.

"पाय तं चांगलाच होता," सत्यभामाबाई वांगी निवडत म्हणाल्या. "डोक्याले लावाचा वॉकर निघाला तं सांगजो."