गोगलगाय आणि नवी डिस्क

मुलांना शिकवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते. फक्त ती म्हणते तेव्हा कपाळाला हात लावून म्हणते, एवढाच काय तो फरक.

तर गोष्ट आमच्या लॅपटॉपची. वयाने तो माझ्या नातीपेक्षा मोठा आणि स्वभावाने माझ्यापेक्षा म्हातारा. बटण दाबलं की आधी कण्हायचा, मग त्याचा पंखा घरघरायचा, आणि तुम्ही आंघोळ उरकून, कपडे वाळत घालून आलात की हा नुकता डोळे चोळत उठलेला असायचा. याच लॅपटॉपवर नातीने मातीच्या गोगलगायीचा सिनेमा केला होता. गोगलगाय केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सगळी सुट्टी तिने त्यात घातली होती. तो सिनेमा शनिवारी संध्याकाळपर्यंत वाचनालयाच्या बाईंना द्यायचा होता, कारण रविवारी तिथल्या सभागृहात मुलांनी केलेले सिनेमे दाखवणार होते. आणि फोटो न् आवाज एकत्र जोडायला सांगितलं की लॅपटॉप दरवेळी अर्ध्यावर मान टाकायचा.

"हार्ड डिस्क म्हातारी झालीय, बाबा," मुलगा म्हणाला. "एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, बसवली की पळत सुटेल."

त्याने ती आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून ठेवलं आणि शनिवारी सकाळी कामावर निघताना म्हणाला, "दुपारी येऊन बसवतो."

"तू कशाला? मी आणि मुलं बसवू."

"बाबा, एक डिस्क काढायची, दुसरी घालायची. इतकंच आहे. शिकवायला लागू नका."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हाला माहितीये," असं म्हणून तो जिना उतरला. आतून बायकोने कपाळाला हात लावल्याचा आवाज आला. तो मला भिंतीपलीकडूनही ओळखू येतो.

वर्ग भरला. नात होती, खालच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी होत्या आणि समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांचा मुलगा होता, ज्याला आम्ही शंकासुर म्हणतो. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, स्क्रूंसाठी वाटी ठेवली, आणि मी सुरुवात केली.

"जुन्या डिस्कच्या पोटात आरशासारखी तबकडी असते. ती गरगर फिरते आणि एक सुई तिच्यावरचं वाचत जाते. नवीच्या पोटात फिरणारं काहीच नाही. म्हणून ती हलकी आणि चपळ. कळलं?"

"आरसा दाखवा," थोरली जुळी म्हणाली.

"दाखवणार. नवी चालू झाली की जुनी उघडून दाखवणार."

"पण काकांनी शिकवू नका म्हणून सांगितलंय," शंकासुर म्हणाला. या मुलाचे कान फार तिखट आहेत.

झाकण उघडलं, जुनी डिस्क बाहेर काढली. तेवढ्यात वाटी कोणी धरायची यावरून जुळ्यांची जुंपली. मी तिकडे निवाडा करत होतो तेव्हा नातीने गुपचूप पुढचं काम उरकलं. जुन्या डिस्कला एक जाडजूड लोखंडी चौकट असते, तिच्यामुळे डिस्क जागेवर घट्ट बसते. ती तिने काढून नव्या डिस्कवर चढवली. हे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कारण आता मला शिकवण्याची सुरसुरी आली. दोन्ही डिस्क आकाराने सारख्या. कोणती जड, कोणती हलकी, हे हातानेच ओळखायला काय मजा. पण शंकासुर नावं वाचून उत्तर देणार, म्हणून मी दोन्हींच्या नावांवर खाकी कागद डिंकाने असा पक्का चिकटवला की नखानेही निघू नये. मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधले आणि डिस्क हातोहात फिरवल्या. थोरली जुळी म्हणाली ही जड, धाकटी म्हणाली ती जड, शंकासुर म्हणाला दोन्ही सारख्याच, आणि रुमाल सुटले तेव्हा कोणती कुठली हे त्या तिघांनाही सांगता येईना.

"काळजी नको," मी म्हणालो आणि दोन्ही तळहातांवर घेऊन तोलल्या. "चौकटवाली किंचित जड आहे. जड ती जुनी."

"आजोबा, चौकट मी नवीवर लावली होती," नात म्हणाली.

"लावायचं ठरवलं होतंस, बाळा. ठरवणं आणि करणं यात फरक असतो."

"नाही हो, खरंच लावली होती."

"शिवाय हे बघ, या दुसरीच्या खाली हिरवी पट्टी आहे, तिच्यावर केवढ्या बारीक बारीक तारा. हे आधुनिक दिसतं की नाही? आणि ती चौकटवाली नुसता ठोकळा."

नात गप्प बसली. माझ्यासमोर मुलं अशीच गप्प बसतात. मी त्याला समजणं म्हणत आलोय.

चौकट सोडवून हिरव्या पट्टीवालीवर चढवली, ती आत बसवली, झाकण लावलं. आता खरी परीक्षा. सकाळी लॅपटॉप चालू होताना मुलांनी मोठ्याने आकडे मोजले होते. तसेच आता मी मोजले. सकाळपेक्षा निम्मेच झाले.

"बघितलंत? निम्मा वेळ."

"तुम्ही सावकाश मोजत होता," शंकासुर म्हणाला.

"मी स्पष्ट मोजत होतो. आकडे नीट उच्चारले पाहिजेत."

पडद्यावर गोगलगाय दिसली. सगळे फोटो जागच्या जागी. जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकोने बिस्किटं आणली, आणि नातीने सिनेमा जोडायला लावला. मी दिलेला शब्द पाळायला बसलो, म्हणजे जुनी डिस्क उघडायला. स्क्रू नखाएवढे होते, पण मुलांनी पाळीपाळीने सोडवले. झाकण निघालं.

आत आरसा नव्हता. तबकडी नव्हती, सुई नव्हती. एवढ्या मोठ्या डबीत एका कोपऱ्यात बिस्किटाएवढा हिरवा तुकडा, बाकी सगळी मोकळी जागा.

"आरसा चोरीला गेला," धाकटी जुळी म्हणाली.

"फिरून फिरून झिजला असेल," थोरली म्हणाली.

शंकासुराने डबीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आजोबा, फिरणारं काहीच नसतं ते कोणाच्या पोटात म्हणालात?"

त्याच क्षणी मागून ओळखीची घरघर ऐकू आली. लॅपटॉपने अर्ध्यावर मान टाकली होती. नातीने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी घाईघाईने त्या हिरव्या तुकड्याकडे वळलो, तर थोरली त्याच्यावर फुंकर मारून बसली होती आणि धाकटी तो बिस्किटाच्या हाताने, ओल्या रुमालाने पुसत होती.

"अगं काय करतेस?"

"तुम्हीच सांगता, वस्तू पुसून ठेवावी."

सांगतो खरा.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "आता तुम्ही जरा तिकडे खुर्चीत बसा. हात मांडीवर ठेवा."

मी बसलो. नातीने रुमाल काढून घेतला आणि तुकडा पंख्यासमोर धरला. ओल पार वाळू दिली. मग तिने तो डबीत बसवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. वाटी शंकासुराने धरली, जुळ्यांनी एकमेकींचे हात धरले. लॅपटॉप पुन्हा उघडला गेला, चौकट पुन्हा बदलली गेली.

"चालेल ना गं?" मी खुर्चीतून विचारलं.

"आत फिरणारं काही नाही, आजोबा. मोडणार काय?"

माझंच वाक्य, पण तिच्या तोंडी ते जास्त पटलं.

तिने बटण दाबलं. धाकटीने मोजायला तोंड उघडलं आणि तोंड मिटायच्या आत पडदा उजळला. मोजायला काही उरलंच नाही. सिनेमा जोडायला लावला. पट्टी सरकत सरकत जिथे नेहमी अडायची तिथे आली, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ती पुढे निघून गेली.

संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आधी सिनेमा बाईंच्या हातात पडला.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर गोगलगाय दिमाखात भिंत चढली, पानाखाली पोचली आणि झोपी गेली. मुलगा माझ्या शेजारीच होता. "बाबा, छान बसवलीत हं डिस्क," तो हळूच म्हणाला. मी विनयाने मान हलवली. मग शेवटी नावं आली. गोष्ट, माती, फोटो, सगळीकडे नातीचं नाव. आवाज जुळ्यांचा. शंका शंकासुराच्या. आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी:

'नवी डिस्क बसवली: मी.

जुनी डिस्क जुन्याच जागी यशस्वीपणे बसवली: आजोबा.'

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, मुलगा माझ्याकडे वळला. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना हात हलवून दाखवला. काय करणार? अक्षर सुंदर होतं आणि एकही चूक नव्हती.