साळूकाकीच्या सोप्यातला विरोधी पक्ष

या, जरा जवळ सरकून बसा. ऐसपैस मांडी घाला, माझ्याकडे जागेची टंचाई नाही. आमच्या गावच्या विरोधी पक्षाची गोष्ट सांगते. तो पक्ष पोसला मी आणि बुडवलाही मीच!

कडेगावच्या अलीकडे आमचं गाव. मी साळूबाई, पण गाव मला काकी म्हणतं. आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. मुलगा शिवतेज पलटणीत, जम्मूला. सूनही तिकडेच क्वार्टरमध्ये. घरात मी, विठोबाची तसबीर आणि मोबाइलवरची कीर्तनं. भाकरी एकच थापायची, मग परात तरी कशाला काढायची, असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात देवानं विरोधी पक्ष धाडला!

झालं असं, की आमचे सरपंच नाथाजीराव लोकांच्या मनातून उतरले. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं! आणि यांनी काय केलं? वेशीत स्वागत कमान बांधली. वर स्वतःचं नाव, दारच्या म्हशीएवढ्या अक्षरांत! मागच्या वाढदिवसाला त्यांचे अकरा फ्लेक्स लागले होते. यंदा एकच लागला, आणि त्यावर खाली शुभेच्छुक म्हणून जो फोटो होता, तोही त्यांचाच!

वीरधवल हा विरोधी पॅनेलचा म्होरक्या. त्याला बैठकीला जागा हवी होती, मला माणसं हवी होती. रोज संध्याकाळी माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात अकरा जण जमत. आल्याचा चहा, चकल्या आणि नाथाजींची निंदा! निंदेत मला गोडी नव्हती, पण अकरा उष्टे कप विसळताना मी देवाचे आभार मानायची.

"काकी, निवडून आलो तरी च्या हितंच!" वीरधवल म्हणायचा.

तेवढ्या एका वाक्यावर मी त्याला जन्मभराचं मत देऊन टाकलं होतं.

निवडणूक चार महिन्यांवर आली.

"मोर्चा काढू या," वीरधवल म्हणाला.

"ऊस सोडून मोर्च्याला कोण येतंय रं?" गुंडा म्हणाला. गुंडा म्हणजे पॅनेलचा खजिनदार. खजिना नव्हता, पण गुंडा होता. "मागच्या खेपंला सात जण हुतो. त्यात तीन पोलीस!"

मग मी पदर खोचला. "कीर्तन ठेवा! कीर्तनकार बाईंनी रावणाचा गर्व सांगितला की कुणाचा त्ये गावाला बरोबर कळतंय. एका कीर्तनात सरपंच आडवा करते बघा!"

"लय भारी, काकी! समदं तुमच्याकडं!" वीरधवल म्हणाला. तिथंच फसला बिचारा.

कराडच्या प्रमोदिनीताई कीर्तनकार. गळा असा, की दगडाला पाझर फुटावा. मी त्यांना फोन लावला खरा, पण देवाच्या माणसापाशी निंदा कशी करायची? जीभच वळेना! म्हणून जरा सौम्य करून सांगितलं, "ताई, कीर्तन आमच्या सरपंचांसाठी ठेवलंय. पूर्वी त्यांच्या मागं-पुढं माणसं असायची. आता दारात कुत्रं जात न्हाई. अंगणात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात, आन् ते एकटेच कमानीकडं बघत बसत्यात. तर त्यांच्या काळजाला भिडंल असं काहीतरी घ्या."

ताई म्हणाल्या, "माउली, किती जीव आहे हो तुमचा माणसांवर!"

मी मनात म्हटलं, समजलं बाईंना!

एकादशीच्या संध्याकाळी मंदिरापुढे गाव लोटलं. नाथाजीही आले, एकटेच. पुढे बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी! वीरधवल उशिरा आला, आणि मांडवात तेवढीच जागा उरली होती.

ताईंनी विठोबाला हात जोडले, आणि रावण सोडून गजेंद्र धरला!

कळपाचा राजा तो. तळ्यात उतरला आणि मगरीनं पाय पकडला. पहिल्या दिवशी सगळा कळप ओढू लागला. दुसऱ्या दिवशी निम्मे राहिले. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही! "हत्ती पाण्यात एकटा उभा आहे, माउली," ताई थरथरत्या आवाजात म्हणाल्या. "आणि काठावर उभं राहून बघतंय कोण?"

काठावर आम्ही होतो. अख्खं गाव!

नाथाजींचं वजन सव्वाशे किलो, त्यामुळे हत्ती कोण हे कुणाला सांगावं लागलं नाही. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं आणि असे रडले, की पखवाज ठेका विसरला! शेजारची अंबूबाई रडली, गुंडा रडला. आणि सगळ्यांत मोठ्यानं रडले मी, पॅनेलची अन्नदाती!

वीरधवलनं मागं वळून डोळे वटारले. "काकी, रावण कुठाय?"

"यील, यील," मी नाक पुसत म्हटलं. "समुद्र आडवा हाय न्हवं त्याला!"

रावण आला नाही. आरती झाली. आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे: कीर्तन संपलं की शेजाऱ्याच्या पाया पडायचं. लहान-थोर, वैरी-सोयरा काही बघायचं नाही. वीरधवल झाला तरी माळकरी! तो वाकला. नाथाजींनी त्याला वरच्या वर उचललं आणि मिठीत घेतलं. वीरधवल त्या मिठीत पार दिसेनासा झाला! कुणीतरी फोटो काढला. सकाळपर्यंत तो मोबाइलवर म्हसवडच्या पाहुण्यांकडूनही फिरून आला: 'नाथाजी-वीरधवल युती!'

पहिले दोन दिवस वीरधवल "तसं कायबी न्हाई" म्हणत फिरला. तिसऱ्या दिवशी लोक अभिनंदन करू लागले. चौथ्या दिवशी त्याला ते आवडू लागलं! पाचव्या दिवशी अख्खं पॅनेल नाथाजींच्या अंगणात. रचलेल्या खुर्च्या उतरल्या. नळाला पाणी अजून चौथ्या दिवशीच येतं, फक्त आता त्याबद्दल ओरडायला कोणी नाही.

त्या संध्याकाळी सवयीनं मी अकरा कप मांडले. मग बाराव्यात स्वतःचा चहा ओतला आणि अकरा परत फळीवर ठेवले.

एकदा मीही गेले तिकडे. नाथाजींनी स्वतः उठून खुर्ची दिली. "काकी, तुमच्यामुळं माणसं परत आली बघा!" म्हणाले. चहा घेतला आणि उठले. आलं नव्हतं त्यात.

तर गावात आता विरोधी पक्ष एकच उरलाय, आणि तो तुमच्यासमोर बसलाय. निघालात? बसा की, चकल्या आहेत... बरं, मग एवढं करा. कुठल्या कीर्तनात गजेंद्र लागला, तर हत्तीसाठी रडायला पुष्कळ असतात. तुम्ही तेवढी त्या मगरीची आठवण काढा. एवढ्या मोठ्या तळ्यात एकटीच होती हो बिचारी! सोबतीला म्हणूनच धरला असेल पाय.