बोटभर फट

“आबा, ह्ये कुणी केलं?” वर्षाराणीच्या ओरडण्याने गोठ्यातली शेरडंसुद्धा गप्प झाली.

वेल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठ दिवस खपून तिने दोन चेतापेशी केल्या होत्या. मातीचा गोळा हे पेशीचं अंग, एका बाजूला घायपाताच्या वाखाच्या, म्हणजे धाग्यांच्या, विसकटलेल्या फांद्या, दुसऱ्या बाजूला निरोप वाहून नेणारा लांब दोर. दोराचं टोक आणि पुढच्या पेशीच्या फांद्या यांच्यात बोटभर फट, त्यात रसायन म्हणून मोहरीचे दाणे. पासलीच्या शाळेतून तिचं एकटीचंच मॉडेल निवडलं होतं.

आता फटच नव्हती. शेरडं राखण्यात आणि दोर वळण्यात जन्म गेलेल्या हैबतीआबांना तुटका दोर बघवत नसे. त्यांनी सकाळीच दोन्ही टोकं पीळ घालून जोडली आणि मोहरी डब्यात नेऊन टाकली.

“ती फटच दाखवायची हुती. पेशी येकमेकींना चिकटत न्हाईत. हिच्यातनं रसायन सुटतं, फट वलांडतं, मग फुडचीला निरोप कळतो.”

“फटीतनं कसला निरोप जातोय? दोर तुटला की शेरडू गेलं.”

“सोडवा आता.”

“माजा पीळ आजवर कुनाला सुटला न्हाई.”

चुलीपुढे तिची आजी, सोजराबाई, भडकल्या. त्यांची कबरी शेळी आबांनी न विचारता विकली होती. तेव्हापासून अकरा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, सगळं नातीमार्फत.

“सांग तुज्या आबाला, शेळी घालवली, आता पोरीची मेहनतबी घालवली.”

“सांग तिला, दोर माजा हाय.”

एसटीत आबा दाभणाने पीळ उसवत बसले, त्यांच्यावर नजर ठेवायला सोजराबाईही निघाल्या. वेल्हे येईपर्यंत दोराचा चोथा झाला.

“मॉडेल कुठाय?” परीक्षक बाईंनी विचारलं.

वर्षाराणीने रागारागात आजीला एका बाजूला उभं केलं, आबांना दुसऱ्या. “ह्या दोन पेशी. मदलं रसायन मी. आजी, सोड निरोप.”

“विच्यार, माजी शेळी कुठं हाय?”

वर्षाराणी दोन पावलं चालली, निरोप दिला, उत्तर घेऊन आली. “कामथडीला.”

लोक हसले. बाई खूश होऊन लिहू लागल्या. “आणि रसायन सुटलंच नाही तर?”

“मग निरोप पोचत न्हाई. बगा आता.” ती तोंड मिटून उभी राहिली.

कबरीच्या आठवणीने सोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आबांना ते बघवेना.

“सोजरा, चुकलं माजं. उद्या जाऊन शेळी आनतो.”

“अकरा दिस तोंड शिवलं हुतं काय तुमचं?” सोजराबाई थेट त्यांच्यावरच कडाडल्या.

बाईंचं पेन थांबलं. वर्षाराणी डोळे वटारून आबांकडे बघत राहिली. एका दिवसात त्यांनी दुसऱ्यांदा फट बुजवली होती.