नरसिंगरावांचा राक्षस

निर्मल गावची लाकडी खेळणी घडताना ज्याने डोळ्यांनी पाहिली, त्याला राक्षसाचा एक मुखवटा अवघड वाटण्याचे कारण नाही, असे नरसिंगरावांचे मत होते. (पाहिली होती, ती सहलीत, पाच मिनिटे.) त्यांची कन्या विनोदिनी कॉलेजच्या परीक्षेचा लघुपट करण्यासाठी हैदराबादहून आदिलाबादला आली होती. मागून आणलेला व्हिडिओ कॅमेरा चारच्या बसने परत जायचा होता. तोवर चित्रण झाले नाही, तर तिचे वर्ष बुडणार होते.

नरसिंगरावांनी चिंचोक्याची खळ शिजवली, तीत लाकडाचा भुसा कालवला आणि साचा म्हणून स्वतःचेच तोंड पुढे केले. आधी तेल लावावे लागते, हे ते जाणून होते. परंतु तेलकट तोंडाने गच्चीवर उन्हात वाळत बसणे मंडल कचेरीच्या वरिष्ठ कारकुनास शोभेना. म्हणून लावलेले तेल त्यांनी साबणाने धुऊन टाकले.

दोन वाजता मुखवटा खडखडीत वाळला. तो देखणा झाला होता. फक्त निघत नव्हता. त्यांच्या भरदार मिशा खळीत रुतल्या होत्या.

“अहो, काऊन ओढून राह्यले? मिशा उपटतीन!” देवकाबाई ओरडल्या. “थांबा, गरम पानी आनते.”

“आई, पाणी नको! खळ सुटली की मुखवटा गेला!” विनोदिनी रडकुंडीला आली. “बाबा, आता राक्षस तुम्हीच व्हा.”

प्रसंग साधा होता: राक्षस स्वयंपाकघरात शिरतो आणि पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीवर गर्जना करतो. गृहिणीचे काम देवकाबाईंकडे होते.

राक्षस शिरला. देवकाबाईंनी मान वर करून पाहिले. त्यांच्या हातात लाटणे होते.

“गर्जना, बाबा!”

मुखवट्यातून क्षीण आवाज आला, “मी नंतर येऊ का?”

“कट!”

दुसऱ्या खेपेस राक्षस दोन पावले धावला.

“चपला घालून सयपाकघरात?” देवकाबाई कडाडल्या.

राक्षस मुकाट्याने बाहेर गेला, चपला काढून परत आला आणि पुढे काय करायचे होते, ते विसरला. तेवढ्यात साडेतीन वाजले. जे टिपले गेले होते, तेच घेऊन कॅमेरा बसमध्ये चढला. मिशा मात्र कात्रीने सोडवाव्या लागल्या.

महिन्याने विनोदिनीचे पत्र आले. ती पास झाली होती. सोबत परीक्षकांचा शेरा होता. नरसिंगरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले, “मुखवटा उत्कृष्ट.”

पुढचे वाक्य त्यांनी मनात वाचले: ‘राक्षसाची भूमिका बाईंना द्यावयास हवी होती.’

“पुढं काय लिवलं हाये?” देवकाबाईंनी विचारले.

तीस वर्षे सरकारी दप्तर वाचणारे नरसिंगराव म्हणाले, “अक्षर लागत नाही.”